शेपटी जड, नाक रिकामं

आमच्या स्पर्धेच्या रिमोटवाल्या विमानाचे पंख झाले एकदाचे. भोसरीतून लेझर कटिंग करून आणलं, रिब्ज (पंखाच्या फासळ्या) बसल्या, कार्बनचा स्पार (पंखाचा कणा) आरपार गेला, इस्त्रीने वरची प्लॅस्टिकची फिल्म मारून झाली आणि दोन्ही टोकांना धरून वाकवून बघितलं तर साधी कुरकुर पण नाही. सगळे जाम खुश. मग एकाने अख्खं विमान जोडून सीजीच्या (जिथे विमानाचा तोल साधायला हवा त्या बिंदूच्या) खुणेखाली दोन बोटं लावून उचललं आणि ते थाटात शेपटीवर बसलं. तेव्हापासून टीमच्या ग्रुपवर दुसरा विषय नाही.

ज्यांना आमचं हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चेन्नईला एसएई इंडिया या इंजिनियरांच्या संस्थेच्या सदर्न सेक्शनची एरो डिझाइन स्पर्धा असते (अमेरिकेत असली स्पर्धा १९८६ पासून चालू आहे), त्यासाठी रिमोटवर उडणारं, स्वतः हलकं असून भरपूर ओझं उचलणारं विमान बनवायचं असतं. आमचं १.२ मीटर विंगस्पॅनचं आहे, कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) २० सेंटीमीटर, ओझ्यासकट दीड किलोत बसवायचंय. एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) एस१२२३, म्हणजे इलिनॉयच्या मायकेल सेलिग यांचा, कमी स्पीडला लिफ्ट (वर उचलणारा जोर) तुफान देतो म्हणून अशा स्पर्धांत बऱ्याच टीम हाच घेतात. फक्त त्याची मागची कड इतकी पातळ असते की बाल्साच्या हलक्या लाकडाचा तिथे पापुद्रा होतो. आम्ही शेवटचा थोडा भाग कापून कडेला कार्बनची पट्टी लावली, थोडी लिफ्ट गेली असेल, जाऊ दे, निदान हातात मोडत तरी नाही.

तर शेपटी. सीजी आम्हाला पंखाच्या पुढच्या कडेपासून ५.६ सेंटीमीटरवर हवाय. एक्सएफएलआर५ या सॉफ्टवेअरमध्ये न्यूट्रल पॉइंट (सीजी ज्याच्या मागे गेला की विमान अस्थिर होतं तो बिंदू) ८ च्या आसपास येतो, म्हणजे मध्ये कॉर्डच्या १२ टक्के मार्जिन, नवख्या पायलटला पण झेपेल असं. सीजी मागे सरकत त्या ८ च्या जवळ गेला की विमान नाक वर करून कुठे जाईल त्याचा भरवसा नाही. आता आमची शेपटी सीजीपासून ६६ सेंटीमीटर मागे आणि बॅटरी फक्त २२ सेंटीमीटर पुढे, सी-सॉचा सरळ हिशोब, मागे एक ग्रॅम वाढला की पुढे तीन ग्रॅम टाका. शेपटी कॅडमधल्या (कॉम्प्युटरवरच्या डिझाइनमधल्या) आकड्यापेक्षा २२ ग्रॅम जड निघाली. म्हणजे नाकात ६६ ग्रॅम शिसं, एकूण ८८ ग्रॅम फुकटचे, आणि ते सगळे पेलोडमधून (उचलायच्या ओझ्यातून) वजा. बॅटरी पुढे सरकवू म्हटलं तर ती १८० ग्रॅमची, नाकात जागा ४ सेंटीमीटर, त्यात शेपटीचे जेमतेम ११ ग्रॅम फिटतात.

हे २२ ग्रॅम आले कुठून? मुख्यतः लाकडातून. कॅडमध्ये बाल्साची एकच घनता भरलेली असते, पण बाल्सा हे झाड आहे हो, बहुतेक माल इक्वाडोरहून येतो आणि एकाच गठ्ठ्यातली एक शीट घनमीटरला १०० किलोच्या हिशोबाने निघते तर दुसरी २०० च्या. एक मीटर लांब, १० सेंटीमीटर रुंद, ३ मिलीमीटर जाड शीट घ्या, एक ३० ग्रॅम भरेल आणि शेजारचीच ६०, दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. म्हणून मग आम्ही किचनचा डिजिटल काटा घेऊन दुकानात गेलो आणि काउंटरवर एकेक शीट मोजायला लागलो. काका थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "अरे लाकूड आहे ते, सोनं नाही." मी म्हटलं, "काका, शेपटीसाठी पाहिजे, तिथे सोनंच आहे." शेवटी त्यांनीच आतून अजून एक गठ्ठा काढून दिला आणि वर हलकी शीट नखाने दाबून कशी ओळखायची ते पण दाखवलं. नुसत्या या निवडण्यात शेपटीचे १५ ग्रॅम कमी होतायत. जड शीट्स वाया नाही जात, त्या पुढे मोटर माउंटच्या आसपास वापरतोय, तिथे वजन हवंच आहे.

दरम्यान ग्रुपवर एक मोठं भांडण झालं, "बूम (पंख आणि शेपटी जोडणारा दांडा) छोटा करा" विरुद्ध "नका करू". ऐकायला सोपं वाटतं, शेपटी जवळ आणली की तिचा जोर कमी. पण विमान स्थिर ठेवायला शेपटीचं क्षेत्रफळ गुणिले अंतर हा गुणाकार कायम ठेवावा लागतो, म्हणजे अंतर कमी केलं की शेपटी तेवढी मोठी, मोठी झाली की जड, आणि जड गुणिले जवळ म्हणजे परत तिथेच. आत्ता ३६ बाय १० सेंटीमीटरची आडवी शेपटी आहे, बूम ५० सेंटीमीटरवर आणला तर ती ४८ बाय १० करावी लागेल. फायदा होतो तो फक्त बूमच्या स्वतःच्या वजनात आणि मागे बसवलेल्या सर्व्होंमध्ये (शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरींमध्ये). हे कागदावर मांडल्यावर सगळे गप्प आणि मग एक ज्युनियर पोरगी म्हणाली, "मग सर्व्होच पुढे आणा ना." आयला! दोन ९ ग्रॅमवाले सर्व्हो म्हणजे नाकात ५४ ग्रॅम. आता ते पंखाखाली आलेत, मागे नुसत्या कार्बनच्या काड्या जातात, दोन-दोन ग्रॅमच्या. काडी लांब असल्यामुळे ढकलताना मध्येच वाकते आणि एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची झडप) हलायच्या आधी काडीच पोट काढते, म्हणून बूमवर थोड्या थोड्या अंतराने स्ट्रॉचे तुकडे चिकटवून त्यातून ती ओवलीय. फेव्हिक्विकचा एक थेंब जास्त पडला की काडी आतच चिकटते, हे काम शांत डोक्याच्या माणसाकडेच द्यावं.

बाकी एक गोष्ट आमच्या फायद्याची आहे. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर, त्यात एप्रिलच्या चाळीस डिग्रीला हवेची घनता घनमीटरला १.०६ किलोच्या आसपास उतरते, चेन्नईला समुद्रसपाटीवर तीस डिग्रीला १.१६. म्हणजे त्याच स्पीडला नऊ टक्के लिफ्ट जास्त, प्रॉपेलर पण जास्त ओढणार (दमट हवा उलट थोडी हलकी असते, पण तो फरक किरकोळ). त्यामुळे इथे दुपारी जे ओझं कुंथत उचललं जाईल ते तिथे सकाळी आरामात जायला हवं. रिपोर्टमध्ये हा तक्ता टाकलाय, सरांना आवडला.

आत्ताची परिस्थिती अशी की सर्व्हो पुढे आल्यावर बॅटरी दोनेक सेंटीमीटर सरकवली तरी विमान बोटांवर सरळ राहतंय, शिसं शून्य. हलक्या शीटची नवी शेपटी कापून आलीय, ती बसली की बॅटरी उलट मागे घ्यावी लागेल. रविवारी पहाटे वारा सुटायच्या आत माळावर टॅक्सी टेस्ट, म्हणजे न उडवता जमिनीवर पळवून बघणं. जागा लोहगावच्या हवाई तळापासून लांबची बघितलीय आणि डिजिटल स्कायच्या (ड्रोन कुठे उडवता येतात ते दाखवणाऱ्या सरकारी साइटच्या) नकाशावर तपासलीय, त्यामुळे परवानगीची चिंता नाही. कोणाकडे जादाचा १० बाय ५ इंची प्रॉपेलर असेल तर शनिवारच्या आत सांगा, आमच्याकडे एकच आहे.