तुम्ही विचारलंत म्हणून: सगळी सुट्टी सेव्हिलमध्येच का?

स्पेनहून आल्यापासून भेटेल तो विचारतो, "एवढ्या लांब गेलात आणि माद्रिद नाही, बार्सिलोना नाही, नुसतं सेव्हिल?" हो, नुसतं सेव्हिल. पुन्हा गेले तरी तसंच करेन. या शहराची लय उमजायला त्याच्या वेळापत्रकानं राहावं लागतं आणि ते धावपळीत होत नाही.

तिथं दुपारचं जेवण दोनच्या पुढे, मग बरीच छोटी दुकानं बंद. रात्रीचं जेवण नऊनंतर. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे हे सारं अगदी शहाणपणाचं वाटतं. आम्ही सकाळी एकच ठिकाण बघायचो, दुपारी झोपायचो, ऊन उतरलं की पायी भटकायचो.

एक अख्खी सकाळ हिराल्दा मनोऱ्याला दिली. हा मुळात मशिदीचा मिनार, 1198 मध्ये पुरा झालेला. 1248 मध्ये शहर ख्रिस्ती राजाच्या हाती गेलं, पुढे मशिदीच्या जागी प्रचंड कॅथेड्रल उभं राहिलं. मिनार मात्र ठेवला आणि सोळाव्या शतकात त्यावर घंटांचे मजले चढवले. आत जिना नाही, चढणीच्या 35 वाटा आहेत. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून त्या केल्या, असं सांगतात. पायऱ्या लागतात त्या अगदी शेवटी, थोड्याच. गुडघेदुखीमुळे एरवी खालीच थांबणारी माझी आई थांबत थांबत वर आली, याचा मला फार आनंद आहे.

समोरच्या अल्कासार राजवाड्यात तर मी थक्क झाले. 1360 च्या दशकात ख्रिस्ती राजा पेद्रोनं बांधलेला महाल, आणि भिंतींवर अरबी अक्षरं! कारागीर मुस्लिम परंपरेतले होते आणि राजाला तीच कला हवी होती. जिंकणाऱ्यानं हरलेल्याची कला इतक्या प्रेमानं मिरवावी, हे मला तिथल्या सोनेरी घुमटापेक्षाही सुंदर वाटलं.

खाण्याचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न. शाकाहारी माणूस इथं उपाशी राहत नाही. पालक आणि काबुली चणे घालून केलेली जिरं-लसणाची भाजी ही सेव्हिलची खासियत. पहिल्या घासालाच घरचं वाटलं. साल्मोरेखो, म्हणजे टोमॅटोचं थंडगार, दाट सूप मागवताना मात्र "सिन हामोन" (हॅमशिवाय) म्हणा, नाहीतर वर डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. अंडं चालत नसेल तर तेही सांगा. टोमॅटो, बटाटा, मिरची ही सगळी अमेरिकेची पिकं. 1503 पासून स्पेनचा अमेरिकेशी व्यापार याच शहरातून चालायचा. आपल्याकडे मिरची पोर्तुगीजांनी आणली, त्यामुळे हा इतिहास मला आपल्याही ताटाशी जोडलेला वाटतो.

1929 च्या प्रदर्शनासाठी बांधलेला प्लासा दे एस्पान्या हा चौक भव्य आहे, फोटो छान येतात. पण माझं मन रमलं नदीपलीकडच्या त्रियानात. फरशा घडवणाऱ्या कुंभारांची आणि फ्लामेंको या इथल्या गाण्या-नाचाची ही जुनी वस्ती. रात्री तिथल्या छोट्या जागेत गाणं ऐका. टाळ्यांचा ठेका छातीत घुमतो.

जमलं तर मार्चमध्ये जा, संत्र्याची झाडं फुलतात. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मिरवणुका मोठ्या आणि खोल्या महाग, हे ध्यानात ठेवा. अल्कासारची तिकिटं आधीच काढा. आणि माद्रिदसाठी वेगळी सुट्टी ठेवा.