आश्ता वाहारे देशो

रविवार, रात्र.

कपाट आवरताना जुनी वही सापडली आणि आवरणं तिथेच थांबलं. जपानी शिकायला सुरुवात करण्याच्या आदल्या आठवड्यात मी एक उद्योग केला होता. जपानी रेडिओवरचं दोन मिनिटांचं हवामानवृत्त रेकॉर्ड करून ठेवलं आणि कानावर जे पडेल ते, अर्थाच्या भानगडीत न पडता, देवनागरीत उतरवून काढलं. ही भाषा पुन्हा कधी अशी ऐकू येणार नाही, हे तेव्हा कसं कोण जाणे पण सुचलं होतं. आज त्याचं फार बरं वाटलं.

पान भरून अक्षरं आहेत. 'आश्ता वाहारे देशो' ही ओळ दोनदा. 'देस'भोवती सात वेळा गोल. मधेच कुठे 'कोले', कुठे 'कोरे', एका जागी 'कोडे'. समासात लिहिलंय: 'माळ तुटून मणी सांडावेत तसं. सगळे मणी एकाच मापाचे. ही बाई श्वास कधी घेते?'

आज ती ओळ नुसती वाचली आणि कळली. आशिता वा हारे देशोओ. उद्या आकाश निरभ्र असेल. 'वाहारे' असा शब्दच नाही. 'वा' मागच्या 'उद्या'ला चिकटलेला आहे आणि 'हारे' म्हणजे निरभ्र. मी भलत्याच जागी कात्री चालवली होती. पण योग्य जागा कळणार तरी कशी? शब्दाशब्दांत मोकळी जागा असते ती छापलेल्या पानावर, बोलण्यात नाही. उलट आपण 'पत्ता' म्हणतो तेव्हा 'त्त'वर आवाज क्षणभर पूर्ण बंद पडतो, तोही शब्दाच्या ऐन मध्यात. तरी आपल्याला तिथे तुकडा पडल्यासारखं वाटत नाही.

कोले, कोरे, कोडे हा तर एकच शब्द. जपानी 'र' म्हणताना जीभ टाळूला एकदाच हलकेच शिवते. तो आवाज आपल्या र, ल आणि ड यांच्या अधेमधे कुठेतरी पडतो. माझा कान दर वेळी जो खण जवळ दिसेल त्यात तो टाकत होता. आता रेकॉर्डिंग लावून मुद्दाम 'ल' शोधला. सापडला नाही. तिन्ही जागी स्वच्छ 'कोरे'.

वेगाचं मात्र माझं तेव्हाचं ऐकणं बरोबर होतं. सात भाषांची तुलना करणारं एक संशोधन 2011 साली प्रसिद्ध झालं. त्यात जपानी सर्वांत वेगवान निघाली, सेकंदाला जवळपास 8 अक्षरं. चिनी 5 च्या आसपास. पण जपानीच्या एकेका अक्षरात अर्थ थोडा भरलेला असतो, म्हणून एवढ्या वेगानेही सांगून लवकर होतं असं नाही. आता ती बाई मला सावकाश बोलताना ऐकू येते. तिचा श्वासही ऐकू येतो.

मन अडकलं ते 'आश्ता'पाशी. लिपी शिकले तेव्हा तिथे 'शि' हे अक्षर दिसलं आणि तेव्हापासून मी इतकी वर्षं 'आशिता'च ऐकत आले. आज डोळे मिटून पाच-सहा वेळा ऐकलं. ती 'इ' जवळजवळ नाहीच! श आणि त यांच्यामध्ये नुसता श्वास आहे. काहीच न कळणाऱ्या कानाने जे होतं ते ऐकलं होतं, शिकलेला कान नसलेला स्वर भरून घेत होता. 1999 मध्ये याच धर्तीचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता: 'एब्झो' असा निरर्थक शब्द ऐकवला की जपानी लोकांना तो 'एबुझो' ऐकू येई, फ्रेंचांना मात्र स्वर ऐकू येत नसे. म्हणजे मी आता थोडी पलीकडच्या काठावर गेले आहे. याचा आनंद आहे, आणि खंतही आहे. तो सांडलेल्या मण्यांचा आवाज मला खरंच आवडायचा. वर्णन आहे माझ्याकडे, आवाज नाही.

मागे एकदा सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या जपानीच्या बाईंनी, मला विचारलं होतं, तुमची भाषा ऐकायला कशी वाटते? मला उत्तर देता येईना. स्वतःच्या भाषेला आवाज असतो हे कधी जाणवतच नाही. मग त्याच म्हणाल्या, दोन मिनिटं बोला, मी लिहून घेते. मी दिवसभरात काय काय झालं ते सांगत गेले. त्यांनी कागद पुढे केला. त्यावर पुन्हा पुन्हा एकच: 'आए'. म्हणाल्या, "दर वेळी तुम्ही पायऱ्या उतरून याच पायरीवर येऊन थांबता. हे काय आहे?"

'आहे' होतं ते. जिथे मला 'देस', म्हणजे जपानीतलं 'आहे', ऐकू यायचं, बरोब्बर त्याच जागी, वाक्याच्या शेवटी.

म्हणून आता वही मिटून तोच प्रयोग स्वतःवर केला. आहे, आहे, आहे. पंचवीस-तीसदा म्हटल्यावर शब्द हळूहळू पोकळ झाला. अर्थ गळून गेला आणि क्षणभर उरला तो तोंड उघडल्याचा आवाज, मग एक उसासा, मग एक मऊ स्वर. सेन्सेईंना हेच ऐकू आलं असेल. फार छान होतं ते.

तेवढ्यात बाजूच्या खोलीतून आईची हाक आली, "अगं, जागी आहेस का अजून?"

"आहे," म्हटलं.