राखाडी जर्सी, भाग ३: छपाई जमली, मैदानावर परीक्षाही झाली

मागच्या भागात कापडावर येऊन थांबलो होतो. आता अंग आणि बाह्या जोडून झाल्यात. कॉलर तेवढी राहिलीये.

नवीन मंडळींसाठी सांगतो, मी मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबची १९९५-९६ ची बाहेरच्या सामन्यांची राखाडी जर्सी शिवतोय. त्यांनी ती पाच सामन्यांत घातली. चार हरले, नॉटिंगहॅम फॉरेस्टशी १-१ बरोबरी. पहिलाच सामना ॲस्टन व्हिला क्लबकडे ३-१ असा गेला, तेव्हा टीव्हीवर समालोचक ॲलन हॅन्सन म्हणाले होते की पोरांना घेऊन काही जिंकता येत नाही. ती पोरं म्हणजे नेव्हिल, बट, स्कोल्स, बेकहॅम! मग १३ एप्रिल १९९६. साउदम्प्टनचं द डेल मैदान, हाफटाइमला ३-० मागे. युनायटेडचे तेव्हाचे मॅनेजर फर्ग्युसन यांनी सगळ्यांना जर्सी बदलायला लावली. दुसरा हाफ निळ्या-पांढऱ्यात खेळले, गिग्जनं एक गोल फेडला, निकाल ३-१. राखाडी रंगात आपलीच माणसं गर्दीत ओळखू येत नाहीत, हे त्यांचं कारण. ती जर्सी परत कधी अंगावर चढली नाही.

कापड इचलकरंजीहून आणलं. एकसारखा राखाडी नको होता, म्हणून काळा आणि पांढरा धागा मिसळून विणलेलं निवडलं. हातात घेतलं की ठिपके दिसतात, चार पावलं मागे सरकलं की नुसती राख.

छपाईनं मात्र रडवलं. पहिल्यांदा बाहेरून करून घेतली, तर पहिल्याच धुण्यात छातीवरच्या ‘शार्प’ या प्रायोजकाच्या नावातला ‘श’ पोपडा धरून सुटला. (अक्षरं देवनागरीत घेतलीत, ती माझी हौस.) मग घरीच छपाईची जाळीची फ्रेम बांधली. शाईचा एक हात, पूर्ण वाळू दिली, मग दुसरा हात. शेवटी वर सुती फडकं ठेवून इस्त्री दाबून धरली, घासली नाही. तीन धुणी झाली, अक्षराची कडसुद्धा हललेली नाही.

उरलेल्या कापडाचे पाच बिनबाह्यांचे बनियन शिवले आणि रविवारी साडेचारला मिरजेच्या मैदानावर घेऊन गेलो. फर्ग्युसन खरं बोलले का, हे मला स्वतः बघायचं होतं. पाच जण राखाडीत, पाच केशरीत.

समोर उभा असलेला माणूस कुठल्याही रंगात दिसतो. पण बॉल पायात, मान खाली आणि पास द्यायला क्षणभर वर बघितलं, की सिमेंटच्या पायऱ्यांकडच्या बाजूला आपला गडी गायब. पायऱ्यांवर माणसं बसलेली, वर उन्हाची तिरीप. तिकडच्या विंगवर मी मोकळा उभा होतो, तरी बॉल दुसरीकडेच गेला. पोरगं हात जोडून म्हणालं, “दादा, दिसलाच नाही ओ तुम्ही.” झाडांकडच्या बाजूला हीच जर्सी लख्ख उठून दिसत होती. त्यामुळे माझ्यापुरता निकाल लागला: कारण खरं होतं. अर्थात द डेलवरचे तिन्ही गोल काही रंगानं खाल्ले नाहीत.

आणि याच मोसमावर माझा एवढा जीव का, तर युनायटेड एके काळी न्यूकॅसलच्या १२ गुणांनी मागे होते आणि शेवटी ८२ विरुद्ध ७८ नं लीग जिंकले. वर एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये कँटोनानं लिव्हरपूलवर एकमेव गोल मारला. हरणारी जर्सी आणि दुहेरी मुकुट एकाच वर्षातले! म्हणून विजयाची लाल सोडून मी हीच शिवायला घेतली.

कॉलरची रिब (ताणली जाणारी विणीची पट्टी) आत्ता बादलीत भिजतेय, आटायची तेवढी आधीच आटू दे. रंग सुटला नाही तर शनिवारी ओव्हरलॉक मशीनवर शिवायला घेतो. कुणी गोल गळ्याला रिब लावली असेल तर ती किती ताणून धरायची, ते सांगा. माझी दोन्ही वेळा चुणी पडली.