फेनवे पार्क: खांबामागची जागा आणि बाबांची पेन्सिल

दारावरच्या माणसाने माझ्या पाठीवरच्या सॅककडे बोट दाखवलं आणि मान हलवली. बोस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉलच्या मैदानात पाठीवरची सॅक चालत नाही. छोटी, एकाच कप्प्याची पिशवी न्यावी, नाहीतर सरळ खिशात मावेल तेवढंच. हे मला ठाऊक असायला हवं होतं, पण मी इथे शिकायला होतो तो काळ वेगळा. शेवटी ब्रुकलाइनच्या मित्राकडे सॅक टाकून परत आलो, त्यात तासभर गेला. बाबा तेवढा वेळ जर्सी स्ट्रीटवर एका कट्ट्याला टेकून उभे होते. मी धापा टाकत पोचलो तर म्हणाले, "अरे, जत्रा आहे ही. मला काही कंटाळा आला नाही."

खरंच जत्राच असते. दारं साधारण दीड तास आधी उघडतात आणि बाहेर रस्त्यावर सॉसेज-कांद्याचा धूर, टोप्या विकणारे, बाजा वाजवणारे. तुम्ही गेलात तर हा दीड तास अजिबात बुडवू नका.

मी २००४ मध्ये इथे विद्यार्थी होतो. फेनवेचा घरचा संघ रेड सॉक्सने १९१८ नंतर थेट त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं विजेतेपद, जिंकली, म्हणजे ८६ वर्षांनी. शेवटचा सामना सेंट लुइसला होता, आम्ही तो टीव्हीवर पाहिला आणि मग अख्खं गाव रस्त्यावर उतरलं. बेसबॉल मला तेव्हाच लागला, तो सुटलाच नाही. आता न्यू जर्सीत राहतो. सांगलीहून बाबा आले तेव्हा ठरवलं, दुसरं काही नाही दाखवलं तरी चालेल, हे मैदान दाखवायचं.

बाबा म्हणजे तारखात्यातला माणूस. आयुष्य 'कडकट्ट'मध्ये गेलं आणि रविवार क्लबाच्या क्रिकेट सामन्यांचं स्कोअरबुक लिहिण्यात. म्हणून मी त्यांना नियम समजावत बसलो नाही. एक कोरं स्कोअरकार्ड आणि पेन्सिल हातात दिली. हीच माझी पहिली सूचना: क्रिकेटवाल्या माणसाला बेसबॉलला नेत असाल तर स्कोअरकार्ड घरूनच छापून न्या. मैदानातल्या प्रत्येक जागेला आकडा असतो, पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरमागचा झेलणारा) २, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ६. बेस म्हणजे धावताना गाठायचे टप्पे. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून दुसऱ्या बेसवर (४) दिला, तिथून पहिल्या बेसवर (३), दोघे बाद, की लिहायचं ६-४-३. तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद, म्हणजे स्ट्राइकआउट, झाला की K, आणि शेवटच्या चेंडूला बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहिला तर उलटा K. बाबांना उलटा K फार आवडला. "हे बरंय," म्हणाले, "मूर्खपणाची वेगळी नोंद." ही K ची खूण हेन्री चॅडविकची, आणि तो मुळात क्रिकेटचा बातमीदार, हे सांगितल्यावर तर त्यांनी पेन्सिल अशी धरली की जणू घरचंच काम आहे.

आता जागेबद्दल, कारण माझी तिथेच फसगत झाली. हे मैदान २० एप्रिल १९१२ ला सुरू झालं, टायटॅनिक बुडून पाचच दिवस झाले होते. मेजर लीगमधलं, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमधलं, आज वापरात असलेलं हे सगळ्यात जुनं मैदान. त्यामुळे ग्रँडस्टँडचं छप्पर लोखंडी खांबांवर उभं आहे आणि हे खांब प्रेक्षकांच्या मधोमध येतात. मी तिकिटं एका पुनर्विक्रीच्या साइटवरून घाईत घेतली आणि बारीक अक्षरातली 'दृष्टीआड' ही सूचना वाचलीच नाही. बाबांच्या खुर्चीतून बॅटर स्वच्छ दिसायचा आणि पिचरच्या जागी हिरवा खांब. चेंडू खांबातून निघून येतोय असं वाटायचं! तिकीट घेताना त्या जागेवरून काय दिसतं त्याचा फोटो बघा. होम प्लेटच्या (बॅटर उभा असतो त्या जागेच्या) मागे, २० च्या आसपासचे सेक्शन, खांबापासून सुटलात तर उत्तम. उजवीकडच्या कोपऱ्यातल्या बऱ्याच खुर्च्यांची तोंडं होम प्लेटकडे नाहीतच, तीन तास मान वळवून बसावं लागतं. लाकडी खुर्च्या अरुंद आहेत, गुडघे समोरच्याच्या पाठीला लागतात. रांगेतून कुणी बियर आणायला उठला की अख्खी रांग उभी. छपराखाली ऊन येत नाही, आणि मे महिन्यातसुद्धा रात्रीच्या सामन्याला स्वेटर हवाच. (आमचा सॅकमध्ये, ब्रुकलाइनला.)

पण डावीकडे ती भिंत आहे. ग्रीन मॉन्स्टर. ३७ फूट २ इंच उंच, म्हणजे आपली तीन-साडेतीन मजली इमारत, आणि डाव्या रेषेवर होम प्लेटपासून जेमतेम ३१० फुटांवर. मागे रस्ता असल्याने मैदान तिकडे पसरूच शकलं नाही, म्हणून भिंत चढवली. तिच्यावर आधी जाहिराती होत्या, हिरवा रंग १९४७ मधला. दुसऱ्या मैदानावर जो फटका सहज होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा) झाला असता तो इथे भिंतीवर 'धप्प' आपटून परत मैदानात येतो, आणि धावणाऱ्याला दुसऱ्या बेसवर समाधान मानावं लागतं. तो आवाज टीव्हीवर कधी नीट ऐकू येत नाही.

भिंतीच्या पायथ्याशी १९३४ चा स्कोअरबोर्ड आहे, अजून हाताने चालतो. आत माणसं बसतात, फटीतून खेळ बघतात आणि आकड्यांच्या पाट्या लावतात. सामन्याआधी आम्ही डाव्या बाजूला खाली उतरलो, तिथे बाबांना बोर्डावरच्या पांढऱ्या उभ्या पट्ट्या दिसल्या. मी फोनवर फोटो काढून मोठा करून दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि बोटाने खुर्चीच्या हातावर ठोकायला लागले. "टी. ए. वाय. आणि इकडे जे. आर. वाय. कोण रे हे?"

टॉम यॉकी आणि त्यांची बायको जीन, संघाचे जुने मालक. आद्याक्षरं मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या टिंब-रेघांच्या लिपीत रंगवलेली. मला ती गोष्ट ऐकून माहीत होती, पण कुणी ती *वाचताना* मी पहिल्यांदाच पाहिलं. आपली तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, त्यानंतर बाबांनी मोर्स वाचलं ते थेट बोस्टनला. यॉकींबद्दल दुसरी बाजूही त्यांना सांगितली: मेजर लीगमध्ये काळा खेळाडू सगळ्यात उशिरा, १९५९ मध्ये, उतरवला तो याच संघाने. त्यामुळेच रस्त्याचं यॉकी हे नाव २०१८ मध्ये काढलं आणि पुन्हा जर्सी स्ट्रीट केलं. "रस्त्यावरून काढलं, भिंतीवर राहिलं," बाबा एवढंच बोलले.

उजवीकडच्या ब्लीचर्समध्ये (बिनछपराच्या जागांत) हिरव्या खुर्च्यांत एकच लाल खुर्ची आहे. सेक्शन ४२, रांग ३७, खुर्ची २१. ९ जून १९४६ ला रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने मारलेला चेंडू ५०२ फूट जाऊन तिथल्या प्रेक्षकाच्या गवती टोपीवर पडला. दारं उघडल्या उघडल्या जा, नंतर तिथे त्या खुर्चीचं तिकीट असलेलं कुणीतरी बसलेलं असतं. आम्ही उशिरामुळे लांबूनच पाहिली. बाबांनी तिथून होम प्लेटकडे नजर टाकून हिशोब केला, "आपल्या सीमारेषेच्या दुप्पट की रे."

खाण्यात शाकाहाऱ्याचे हाल नाहीत, पण चंगळही नाही. प्रेटझेल, फ्राइज, पिझ्झा, आणि टरफलासकट भाजलेल्या शेंगा. टरफलं तिथे पायाखालीच टाकतात, सगळेच. बाबा शेजारची रास बघून म्हणाले, "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही," आणि एकटेच हसले. शेजारच्या अमेरिकन आजोबांना हे भाषांतर करून सांगण्यात एक अख्खी इनिंग गेली (बेसबॉलच्या सामन्यात अशा नऊ असतात). टिळक कोण इथपासून सुरुवात.

आठव्या इनिंगच्या मध्ये सगळं मैदान उभं राहून एक जुनं गाणं गातं, त्याआधी उठून निघू नका. पिचरला ठराविक सेकंदांत चेंडू टाकायला लावणारं घड्याळ आल्यापासून, म्हणजे २०२३ पासून, सामने बरेच आटोपशीर झालेत, त्यामुळे उशिरा पोचणंही परवडत नाही.

गाडी जवळपास लावू नका, सामन्याच्या दिवशी पार्किंगवाले तिकिटाएवढे पैसे मागतात. आम्ही रिव्हरसाइडला गाडी ठेवली, ते बोस्टनच्या शहरी रेल्वेच्या ग्रीन लाइनच्या डी शाखेचं शेवटचं स्टेशन. उतरायचं केनमोरला. परतताना केनमोरला मुंबईची आठवण येईल एवढी गर्दी असते. दहा मिनिटं चालून फेनवे स्टेशनला गेलात तरी भरलेलीच गाडी मिळते, पण निदान दारातून आत शिरता येतं.

गाडीत बाबा ताळा जुळवत बसले. बेसबॉलच्या कागदाचा ताळा असतो: एका संघाचे जितके बॅटर आले तितकेच त्यांच्या धावा, बेसवर अडकलेले आणि समोरच्यांनी केलेले बाद मिळून व्हायला हवेत. त्यांचा एक कमी भरत होता. रिव्हरसाइड आलं तरी कमीच. रात्री मोटेलवर मी फोनवर अधिकृत स्कोअर काढून दिला. पाचव्या इनिंगमध्ये एक वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळालेला पहिला बेस) लिहायचा सुटला होता, रांग उभी राहिली होती तेव्हाचा. बाबांनी पेन्सिलने तो भरला आणि खोडलेल्या जागी बारीक सही केली, क्लबाच्या वहीत करायचे तशी.