तुम्ही विचारलंत म्हणून: कापाने लायका का सोडला?

जुने रेंजफाइंडर, म्हणजे छोट्या खिडकीतून बघून फोकस जुळवायचे, कॅमेरे दुरुस्त करतो म्हटलं की प्रश्न ठरलेला. युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापाने स्पेनच्या युद्धात लायका कॅमेरा वापरला, मग दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्याबरोबर नॉर्मंडीला उतरताना काँटॅक्स कॅमेरे का नेले? लायका असता तर जास्त फोटो हाती लागले असते का?

कॅमेरा सोडा, माणूस बघा, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. लोकांना ते आवडायचं. आज मला ते पटत नाही. कापाची जोडीदार छायाचित्रकार गेर्डा टारो सुरुवातीला चौकोनी फ्रेमचा कॅमेरा वापरायची. स्पेनमधले तिचे कितीतरी फोटो कापाचे नसून तिचे आहेत, हे त्या चौकोनावरून ओळखता आलं. कॅमेऱ्याने फरक पडतोच.

काँटॅक्स टू 1936 चा. फोकस आणि चौकट एकाच खिडकीत दिसायची; त्या वेळच्या लायकाला दोन खिडक्या. धावपळीत काम करणाऱ्याला एवढं कारण पुरे.

पण रोल बदलताना? तळाच्या दोन खुंट्या वळवल्या की मागचं झाकण तळासकट सुटून हातात येतं. टेबल नसेल तर ते काखेत धरायचं. आतलं, फिल्म गुंडाळायचं रिकामं स्पूलही सुटं, कॅमेरा कलला की खाली. फिल्मचं टोक त्याच्या खाचेत सरकवायचं, कडेची भोकं दात्यांवर बसलीत का बघायचं, मग झाकण खोबणीत सरळ सरकवायचं. दिव्याखाली, कोरड्या बोटांनीही मला हे घाईत जमत नाही. आणि 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर, गोळीबारात, कापाने हे करायला घेतलं. ओल्या, थरथरत्या हातांनी नवा रोल आत जाण्याआधीच वाया गेला, असं त्याने स्वतः लिहिलंय. ‘लाइफ’ साप्ताहिकाने मात्र फोटो छापताना लिहिलं की त्या क्षणाच्या उत्तेजनेत छायाचित्रकाराचा कॅमेरा हलला. ते वाचून मला अजून राग येतो.

लायका असता तर? त्याचंही तळ सुटं. फिल्मचं टोक लांब कापून खालून आत घालायचं. ओल्या हातांना तेही जड.

उरल्या दहा-अकरा फ्रेम. बाकीच्या लंडनच्या डार्करूममध्ये वाळवताना वितळल्या, ही जुनी हकिकत. काही अभ्यासक ती मानत नाहीत. त्याने फोटो काढलेच मोजके, असं त्यांचं म्हणणं. हकिकत खरी असेल तर कॅमेऱ्याचा प्रश्नच उरत नाही. अभ्यासकांचं खरं असेल तर रोल बदलण्यातच फोटो हुकले, या माझ्या म्हणण्याला बळ मिळतं, पण तेही कापाच्याच शब्दावर उभं, आणि तो गोष्ट रंगवून सांगणारा माणूस. तरी थरथरत्या हातांचं मी खरं मानतो.

आता माझ्या विरुद्ध जाणारी गोष्ट. 25 मे 1954 ला इंडोचीनमध्ये थाय बिन्हच्या वाटेवर सुरुंगावर पाय पडला, तेव्हाही त्याच्याकडे काँटॅक्स होता, कृष्णधवल फिल्म भरलेला. रंगीत फिल्म निकॉनमध्ये. म्हणजे ओमाहानंतर दहा वर्षांनीही त्याला तो नकोसा झाला नव्हता. दोन कॅमेरे असले की रोल कमी वेळा बदलावा लागतो, हे माझं त्यावरचं उत्तर. पण ओमाहालाही त्याच्याकडे दोन होतेच.