काशियशवरून जाणारी लोकल

फोंडा तालुक्यातले कुणी लिस्बनला निघाले तर गावात त्याचे फारसे नवल वाटत नाही. 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येत असल्यामुळे लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयाविषयी वाड्यावाड्यावर बोलणे चालते. मात्र त्या पासपोर्टावर बाहेर पडलेले कितीतरी लोक लिस्बनमध्ये न थांबता पुढे इंग्लंडला गेले. मी भारतीय पासपोर्टावर, संगणक क्षेत्रातल्या नोकरीचा व्हिसा घेऊन, या शहरात राहायला आले त्याला आता वर्ष होत आले आहे, आणि सवयीने नवेपण पुसले जाण्याआधी मनात उमटले ते लिहून ठेवावेसे वाटते.

सुरुवातीचे आठवडे कागदपत्रांत गेले. 'निफ' नावाचा करक्रमांक मिळाल्याखेरीज घराचा करार किंवा बँकेतले खाते यांपैकी काहीच पुढे सरकत नाही, आणि घरभाड्याचे आकडे ऐकून छाती दडपते. ग्रासा भागातल्या टेकडीवर, लिफ्ट नसलेल्या एका जुन्या इमारतीत मला खोली मिळाली. युरोपातल्या हिवाळ्याविषयी ज्यांनी सावध केले होते, त्यांनी बर्फाचे सांगितले होते. लिस्बनमध्ये हिवाळ्यात पडतो तो पाऊस, आणि जुन्या घरांत उष्णतेची सोय नसल्याने थंडी रस्त्यापेक्षा घरातच अधिक बोचते. जून-जुलैत आभाळ कोरडे आणि डिसेंबर-जानेवारीत भिंतींना ओल, हा ऋतूंचा उलटा फेरा अंगवळणी पडायला मला भाषेपेक्षाही जास्त वेळ लागला. उन्हाळ्यात मात्र रात्री नऊपर्यंत उजेड असतो, आणि कामावरून परतताना तेजो नदीवर पडलेले ते तिरपे ऊन पाहिले की भाड्याची चिंताही थोडा वेळ मागे पडते.

पणजीच्या फोन्तैन्यासमधून हिंडलेल्या माणसाला लिस्बनच्या आल्फामा या जुन्या भागातल्या गल्ल्या ओळखीच्या वाटतात: रंगवलेल्या भिंती, लोखंडी कठड्यांचे सज्जे, दारावरची निळी-पांढरी टाइल. पण या सारखेपणाचा भर लवकर ओसरतो आणि मग फरक दिसू लागतो. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपाने, त्यामागून आलेल्या समुद्राच्या लाटांनी आणि आगीने नदीकाठचे लिस्बन उद्ध्वस्त केले. आजचा बाइशा भाग त्यानंतर पोंबाल या मंत्र्याने सरळ रेषांत आखून, भिंतींच्या आत लाकडी सांगाडे बसवून उभारला. याच पोंबालने पुढे जुन्या गोव्याचीही पुनर्बांधणी करण्याचे फर्मान काढले होते. रोगराईने ओस पडलेले ते शहर काही उठले नाही, आणि 1843 मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला आली. बाइशातल्या गजबजलेल्या रस्त्यांवरून चालताना मला जुन्या गोव्यातल्या, फक्त चर्चे उरलेल्या त्या माळाची आठवण अनेकदा होते.

जेवणाची अडचण मला कधी भासली नाही. मार्तीं मुनीझ चौकाच्या आसपासच्या दुकानांत तांदूळ, डाळी आणि मसाले मिळतात. सोलां, म्हणजे आमसुले, मी घरून आणली होती. जूनमध्ये संत आंतोनीच्या उत्सवात गल्लोगल्ली कोळशावर तारले भाजतात तेव्हा सगळा आल्फामा त्या वासाने भरून जातो. मासळी खाणाऱ्या गोमंतकीयाला यापेक्षा मोठे स्वागत काय हवे? पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, खारे नुस्ते (मासे) खाऊन वाढलेल्या मला इथले बाकल्याव, म्हणजे दिवसभर पाण्यात भिजवून मीठ उतरवलेला सुका कॉड मासाही, पहिल्याच घासाला आवडला.

रोसियो चौकात मात्र मन इतके मोकळे राहिले नाही. तिथे आज जे राष्ट्रीय नाट्यगृह उभे आहे, त्याच जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाचे आरोप ठेवून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. गोव्यातले इन्क्विझिशन 1560 मध्ये सुरू झाले आणि 1812 मध्ये कायमचे बंद पडले. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडायला घेतली तेव्हा, त्याच 1560 च्या सुमारास, आमच्या मंगेशाचे लिंग कुशस्थळीहून अघनाशिनी (जुवारी) नदी ओलांडून प्रियोळला नेण्यात आले. लहानपणापासून ही हकिकत मी देवळाच्या अंगणात ऐकत आले होते. ज्या शहराच्या नावाने ते हुकूम निघत होते, तिथल्या चौकात उभे राहून ती पुन्हा आठवणे निराळे होते. पुढे बेलेंच्या जेरोनिमुश मठात वास्को द गामाची कबर पाहिली. तिच्याभोवती फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. मला ती वास्तू सुंदर वाटली, हे मी मनापासून सांगते, पण तिथे मी फार वेळ थांबले नाही.

लिस्बनमधले माझे खरे ठिकाण मला रोजच्या गाडीने दाखवले. माझे कार्यालय ओइराश येथे आहे. काइश दु सुद्रे स्थानकातून सुटणारी काश्काइशची लोकल नदीला लागून धावते, बेलें मागे टाकते, आणि ओइराशच्या थोडे आधी एक छोटे स्थानक येते. त्याच्या पाटीवर काशियश हे नाव वाचले आणि मी जागेवरून उठून उभी राहिले. गोव्यात मराठी शिक्षक म्हणून आलेले, आझाद गोमंतक दल या सशस्त्र मुक्तिसंघटनेतले मोहन रानडे 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, त्यांना दीर्घ मुदतीची शिक्षा झाली, आणि पुढे त्यांना समुद्रापार आणून ज्या किल्ल्यात डांबले तो हा काशियशचा किल्ला. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, पण ते सुटले नाहीत. त्यांची सुटका झाली जानेवारी 1969 मध्ये. गोवा स्वतंत्र होऊन सात वर्षे लोटली तरी गोव्यासाठी लढलेला माणूस इथे कोठडीत होता, ही गोष्ट आम्ही शाळेत एका ओळीत शिकतो. ती ओळ केवढी लांब होती हे मला त्या स्थानकावर कळले.

एका रविवारी मी तिथे उतरले. किल्ला स्थानकापासून आत, चढावर आहे आणि आजही तुरुंग म्हणूनच वापरात आहे, त्यामुळे बाहेरच्या रस्त्यावरून नजर टाकून परतावे लागते. लिस्बनच्या कॅथेड्रलजवळचा आल्झुब हा जुना राजकीय तुरुंग मात्र 2015 पासून संग्रहालय आहे. हुकूमशाहीच्या काळात पोर्तुगालच्या स्वतःच्या माणसांना तिथे कसे छळले गेले, हे तिथे पाहता येते, आणि काशियशच्या कोठड्यांतही प्रामुख्याने पोर्तुगीज विरोधकच होते. 25 एप्रिल 1974 च्या क्रांतीनंतर त्यांचे दरवाजे उघडले. भारताचे गोव्यावरील सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले तेही त्या क्रांतीनंतरच. आपल्याला जे राज्य नको होते ते इथल्या पुष्कळांनाही नको होते, ही जाणीव मी सोबत आणली नव्हती. ती मला या शहराने दिली, आणि त्यानंतर माझे इथले राहणे सोपे झाले.

कार्यालयात गोव्याविषयी मुद्दाम कुणी विचारत नाही. तरुण सहकाऱ्यांना समुद्रकिनारे माहीत असतात, आणि माजी पंतप्रधान आंतोनियो कोश्ता यांच्या वडिलांकडचे घराणे मडगावचे हेही काहींना ठाऊक असते. गोव्यात पोर्तुगाल घराघरांत भेटतो, इथे गोवा शोधावा लागतो. पण एकदा जेवणाच्या सुट्टीत, मी फोंड्याची आहे असे कळल्यावर शेजारच्या टेबलावरचा एक सहकारी थबकला. त्याचे आजोबा 1961 मध्ये गोव्यात सैनिक होते आणि शरणागतीनंतर फोंड्याच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होते. शेवटच्या माणसापर्यंत लढा, ही पोर्तुगालचा तेव्हाचा हुकूमशहा सालाझार याची आज्ञा गव्हर्नर जनरल व्हासालू इ सिल्व्हा यांनी मानली नाही, म्हणूनच आपण जिवंत राहिलो असे आजोबा घरी सांगत. 1962 च्या मे महिन्यात मायदेशी परतलेल्या त्या सैनिकांना सन्मान मिळाला नाही, आणि गव्हर्नरांना तर लष्करातून काढून टाकले गेले. सहकाऱ्याने मला आजोबांचा एक फोटो दाखवला: तळ्याकाठी उभा असलेला विशीतला मुलगा, मागे पायऱ्या आणि कौलारू छप्पर.

तो फोटो मी आईकडे पाठवला आणि तिने तो काकांना दाखवला. ''बाय, ही तळी खांडेपारच्या बाजूची दिसते, पण पायऱ्या नीट दिसत नाहीत, त्याला मोठी प्रत मागून घे,'' असे काकांनी कळवले आहे. सहकारी येत्या शनिवारी आजीच्या घरी जाऊन मूळ फोटो स्कॅन करून आणणार आहे.