पाटणादेवीच्या वाटेवर मागे राहून जाणारं देऊळ

"महादेवनं देऊळ मांगे राही गयं, भाऊ." नारळवाल्या बाबांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही देवीच्या पायथ्याशी पोचलो होतो. मामेभाऊ माझ्याकडे बघत राहिला. आठ दिवस त्याला मी त्याच देवळाबद्दल ऐकवत होतो आणि गाडी मीच त्याच्यासमोरून दामटत आणली होती.

दोष एकट्या माझा नाही. चाळीसगावहून नैऋत्येला साधारण १८ किलोमीटरवर पाटणादेवी. पाटणे गाव मागे टाकून गौताळा औट्रमघाट अभयारण्यात शिरलं की तिन्ही बाजूंनी सातमाळ्याच्या डोंगराचे कडे अंगावर येतात आणि मान आपोआप वर जाते. महादेवाचं देऊळ असतं खाली, झाडीत. नाक्यावर नोंद करून, पावती घेऊन पुढे निघालो की रस्त्याच्या कडेला गाडी सावकाश घ्या आणि मागे बसलेल्याला झाडीत बघायला सांगा. चुकलात तर देवीचं दर्शन आधी करून परतताना थांबा. आम्ही तेच केलं, आणि ते बरंच झालं, कारण दुपारचं तिरपं ऊन मिळालं.

देवीबद्दल थोडक्यात. खानदेशातल्या कितीतरी घरांची ही कुलस्वामिनी. चैत्रात आणि नवरात्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. आईने खण-नारळ दिला होता, तो देवीपुढे ठेवला, पाच मिनिटं गार फरशीवर बसलो. डोंगरी नदीला मार्गशीर्षात जेमतेम घोट्याएवढं पाणी होतं. कड्यांच्या कुशीत बसलेली ही जागा ज्याने निवडली त्याला माझा नमस्कार. एवढं बोलून महादेवाकडे वळतो, कारण सगळे जण देवीबद्दलच लिहितात.

देऊळ उंच जोत्यावर आहे. लांबून काळ्या दगडांचा ढीग वाटतो, जवळ गेलं की डोळे हळूहळू उलगडा करायला लागतात. भिंत सरळ नाहीच. ती सतत कोन घेत, आत-बाहेर दुमडत जाते, त्यामुळे एका कोनावर ऊन आणि लगेच शेजारी सावली अशा उभ्या पट्ट्याच पट्ट्या दिसतात. काळ्या दगडाला रंग नसतो, सावली हाच त्याचा रंग, आणि ज्याने हा आराखडा आखला त्याला ते पक्कं ठाऊक होतं. जोत्याचे आडवे थर बोटाने चाचपून बघा. थरावर थर रचलेत, मधे चुना नाही. दगड घासून, खाचा पाडून, वजनाने एकमेकांवर बसवलेले. दोन दगडांच्या सांध्यात मी एसटीचं तिकीट सरकवून पाहिलं, काही ठिकाणी ते शिरत नव्हतं. (पैसे, चमचा, किल्ली घालून बघू नका. एका सांध्यात कुणीतरी दहाचं नाणं ठोकून ठेवलेलं दिसलं.)

आत मंडप, मग गाभारा. बाहेरच्या उन्हातून आलात की पहिली दोन मिनिटं काही म्हणता काही दिसत नाही. घाई करू नका, डोळे सरावू द्या. वटवाघळांचा वास येईल, तो गृहीत धरा. मग खांब दिसू लागतात, त्यानंतर गाभाऱ्याच्या दाराची चौकट. आमच्याकडे विजेरी नव्हती. मोबाइलचा उजेड समोरून मारला की कोरीवकाम सपाट दिसतं, हे मला इथे कळलं. उजेड बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून धरा, मग कडा उठून येतात.

कुणीही विचारलं की "हेमाडपंती देऊळ" असंच सांगतात. मीही तेच म्हणत आलो. पण हिशेब मांडून बघा. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा प्रधान, म्हणजे इ.स. १२६० नंतरचा माणूस. या देवळातल्या शिलालेखात शके १०७५ आहे, म्हणजे इ.स. ११५३-५४. हेमाडपंतांच्या कारकिर्दीआधी शंभर वर्षं हे देऊळ उभं होतं! चुन्याशिवाय बांधलेल्या प्रत्येक काळ्या देवळाला त्यांचं नाव चिकटलं, आणि खऱ्या बांधणाऱ्यांची नावं लेखातच राहून गेली.

इथले बांधणारे म्हणजे निकुंभ घराणं, यादवांचे मांडलिक. पाटण, म्हणजे आजचं पाटणे, ही त्यांची राजधानी. लेखानुसार देऊळ राजा इंद्रराजाने सुरू केलं, ते पुरं व्हायच्या आत तो वारला. मुलगा गोवन लहान. राज्याचा कारभार आणि अर्धवट देऊळ, दोन्ही राणी श्रीदेवीच्या हाती आलं आणि तिने दोन्ही तडीस नेलं. आपल्याकडे एखादं देऊळ बाईच्या नावाने ओळखलं जायचं तर ती अहिल्याबाईच असावी लागते, असं झालंय. इथे तिच्या सहाशे वर्षं आधीची एक विधवा राणी आहे आणि पाटणला येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांनी तिचं नाव ऐकलेलं नसतं. मी तरी यापुढे याला श्रीदेवीचं देऊळ म्हणणार.

आणखी एक साल जोडीला ठेवतो. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा आणि 'सिद्धांतशिरोमणी' त्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० च्या सुमारास लिहिला. ग्रंथ आणि देऊळ जवळजवळ एकाच वेळचे. भास्कराचार्यांचं गाव नेमकं कोणतं यावर विद्वान भांडत असतात, आपण त्यात पडायला नको. इथल्या दुसऱ्या शिलालेखाबद्दल मात्र भांडण नाही. तो देवीच्या देवळात डॉ. भाऊ दाजी लाडांना सापडला, एकोणिसाव्या शतकात. त्यात आहे की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो सिंघण यादवाचा राजज्योतिषी होता, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे मठ स्थापला आणि निकुंभ राजा सोइदेवाने त्याला दान दिलं. तिथी श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण, शके ११२८ चा उल्लेख. गणितज्ञाच्या नातवाने ग्रहणाचा मुहूर्त साधावा हे अगदी शोभून दिसतं.

लेखाचा मोठा भाग संस्कृत, पण शेवटी पैशाअडक्याचा विषय आला की भाषा मराठी होते. बाजारात जे 'केणें', म्हणजे माल उघडेल, त्यावर राजाला मिळणारा वाटा मठाला. गावात जितके तेलघाणे चालतील, त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला. आज जिथे माकडं आणि सागाचा पाचोळा आहे तिथे बाजार भरत होता, घाणे करकरत होते आणि त्या तेलाच्या दिव्यात पोरं त्रैराशिकं सोडवत होती. दिव्याचं मी माझ्या पदरचं घातलं, लेखात फक्त तेल आहे.

हा चांगदेव वेगळा आणि मुक्ताईला भेटलेला योगी चांगदेव वेगळा. योग्याचं देऊळ याच जळगाव जिल्ह्यात, पण पार दुसऱ्या टोकाला, तापी-पूर्णेच्या संगमावर आहे. आमच्या एका नातेवाइकांनी दोघांना एकच समजून मुक्ताईनगर गाठलं आणि तिथे भास्कराचार्यांचा मठ विचारत फिरले.

आता जायचं कसं ते. चाळीसगाव हे भुसावळ-मनमाड मार्गावरचं जंक्शन, धुळ्याचा फाटा इथूनच फुटतो. मुंबईकडून येणाऱ्यांना रेल्वेच सोयीची. स्टेशनहून पाटणादेवीसाठी एसटीची वाट बघण्यापेक्षा रिक्षा किंवा जीप ठरवा, पण जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट भाव आधीच बोलून घ्या, कारण आत गेल्यावर परतीला वाहन मिळेलच असं नाही. आम्ही धुळ्याहून मोटारसायकलने गेलो. पेट्रोल चाळीसगावातच भरा. जंगलात मोबाइलची रेंज गेली की गेली, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या.

हंगामाचं म्हणाल तर पावसाळ्यात केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबे जोरात असतात आणि फोटो सगळे तेव्हाचेच दिसतात. पण पावसात शेवाळलेल्या दगडावर कोरीवकाम नीट दिसत नाही, आणि ओढ्यांचा भरवसा नाही. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस याच डोंगरात कोसळलेल्या पावसाने डोंगरी आणि तितूर फुगल्या, चाळीसगावात पूर शिरला आणि शेजारच्या कन्नड घाटात दरडी आल्या. देऊळ बघायचं असेल तर दिवाळीनंतर ते माघापर्यंत या. चैत्रात दगड तापतो आणि जोत्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. बिबट्याचं जंगल आहे, उन्हं उतरली की निघा. कड्यांवर मधमाश्यांची पोळी लटकतात, म्हणून अत्तर नको, उदबत्तीचा धूर नको. पिशवीत केळी दिसली की माकडं पिशवीसकट नेतात. आमची दशम्यांची पुरचुंडी गेली ती अशीच.

वर डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. ती या देवळाहून साधारण तेराशे वर्षांनी जुनी. इथून चढून जाणारी वाट आहे, पण वनखात्याला विचारून, वाटाड्या घेऊन, आणि दुसऱ्या दिवशीच. एका दिवसात दोन्ही उरकाल तर दोन्ही वाया जातील.

जेवण आम्ही परतीला चाळीसगावात केलं. दशम्या माकडांनी नेल्यामुळे भूक सपाटून लागलेली. कळण्याची भाकरी, भरताचा हंगाम म्हणून भरीत, वर शेवभाजी. शेवभाजी मागवताना "कमी तिखट" सांगा, तरी ती तिखटच येईल.

मग उरलेल्या उजेडात वाघळी गाठायची टूम मामेभावाने काढली. चाळीसगावपासून जवळच, रेल्वेच्या पाचोरा बाजूला. तिथेही जुनं देऊळ आहे, मुधाईदेवीचं, शिवाय गावात शके ९९१ चा शिलालेख आहे, म्हणजे पाटणहूनही ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं आधीचा. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अंधारात खांबाला हात लावला, दिवसभराच्या उन्हाने तो अजून कोमट होता. वाघळीसाठी सकाळ राखून ठेवा, आणि विजेरी न्या.